इथलं इथेच

खुर्च्या मीच मांडल्या, अकरा.
गोल काही जमेना. शेडच्या मधोमध स्नोमोबिल उभी,
भिंतीलगत फटाक्यांची खोकी.
आमचं बचाव पथक वर्षाअखेर फटाके विकतं,
त्यातूनच दोर येतात, बॅटऱ्या येतात, वर्षभराचं डिझेल.
मग कुणी खोक्यावर बसलं, कुणी टायरवर.
रेडिएटरवर हातमोजे वाळत होते,
त्यांना अजून समुद्राचा वास होता.

रेक्याविकहून कुणी तज्ज्ञ बाई यायच्या होत्या.
खिंडीतला रस्ता बंद.
म्हणून लॅमिनेट केलेला कागद मीच वाचला:
इथे हुद्दा नाही.
कुणाचं चुकलं ते शोधायला आपण बसलेलो नाही.
बोलायची सक्ती नाही.
कुणी काही लिहून घ्यायचं नाही.
इथलं इथेच.

ओरनोल्फुर हसला.
दोनशे बारा माणसांचं गाव,
एखाद्या घरी मासा करपला
तर फ्योर्डच्या पलीकडे वास जाण्याआधी बातमी जाते.

आता पुढचं.
पुढचं मी सांगणार नाही.
बोलले ते. कोण किती,
कोण कुठल्या शब्दापाशी अडलं,
ते माझ्या पोटात आहे.
सांगण्यासारखं तेवढं सांगतो:
कॉफी तीनदा केली, तिसरी कुणी प्यायलं नाही.
ब्यार्तमार सगळा वेळ जॅकेटची चेन
वर-खाली करत होता.
बाहेरून बर्फ काढणारं यंत्र दोनदा गेलं
आणि दोन्ही वेळा आम्ही गप्प झालो,
जणू त्यालाही कान होते.
स्टेनवोर सगळ्यांत शेवटी बोलली.
तिच्यानंतर कुणी नाही.

सकाळी पोहायच्या तलावावर गेलो.
तिथलं गरम पाण्याचं कुंड हीच आमची चावडी.
गळ्यापर्यंत बुडून बसायचं आणि जगाचा निवाडा करायचा.
पोस्टमन म्हणाला, काय मग, स्टेनवोर फार खचली म्हणे?
मी डोकं पाण्याखाली घातलं,
दम पुरला तेवढा वेळ तिथेच राहिलो.
खाली किती शांत असतं
हे मला कळायला नको होतं.

एकोणतीस तारखेला सायमुंदुर आला. फटाके घ्यायला.
निळे दे, म्हणाला, तिला निळे आवडायचे.
नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या,
आणि मान वर न करता विचारलं,
शेवटी तिच्यापाशी कोण होतं?
काही बोलली का ती?

मला ठाऊक होतं.
ठाऊक होतं की नव्हतं, हेसुद्धा खरं तर
मी इथे लिहायला नको.
उत्तर त्याच्या हक्काचं होतं, बापाच्या हक्काचं,
पण माझ्या हातात आलं होतं ते उसनं,
कागदावरच्या एका ओळीच्या भरवशावर.
तो थांबून राहिला.
'पिशवी देऊ का?' मी म्हणालो.
या वाक्याची मला अजून लाज वाटते.

संध्याकाळी स्टेनवोरच्या दारात गेलो.
बूट काढले नाहीत, आत गेलो नाही.
तो आला होता, म्हटलं. विचारत होता.
ती भांडी विसळत होती.
हात थांबले, नळ चालूच राहिला.
मी तिला काही सुचवलं नाही.
कर म्हणालो नाही, नको म्हणालो नाही.
परतताना बर्फावर माझेच पाय
मला दुसऱ्याचे वाटले.

एकतीसच्या मध्यरात्री अख्खं गाव आभाळ फोडत होतं.
ब्यार्तमार शेडच्या आत, कानांवर हेडफोन.
मी त्याच्याजवळ जाऊन बसलो, मग थोडा वेळ बाहेर आलो.
टेकडीवरच्या त्या घरावरून एक निळा वर गेला,
बऱ्याच वेळाने दुसरा.
उजेडात अंगणातल्या बर्फावर
दोन सावल्या दिसल्या.
एक सायमुंदुरची, किंचित वाकलेली.
दुसरी ओळखू येणार
तेवढ्यात उजेड विझला.

बरं झालं.